स्क्रूचा निकाल

रविवारी सकाळी घरातलं प्रत्येक माणूस एकदा तरी गॅरेजच्या दारात आलं आणि "काही नाही, सहज आलो होतो" असं म्हणून गेलं. तेव्हाच धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. या घरात सहज कोणी कुठे जात नाही. तिचे थोरले दीर तर आरशासमोरसुद्धा कारणाशिवाय उभे राहत नाहीत.

"आज सगळ्यांना गॅरेजचा भारीच पुळका आलाय," ती नवऱ्याला म्हणाली. "ती पाणसळ दे इकडे."

नवरा शाळेची बस चालवायचा. आठवडाभर पोरांच्या गोंगाटात राहून त्याला शांतता सोसेनाशी झाली होती, म्हणून तो शीळ घालत होता. शीळ घालत त्याने जे हातात दिलं तो पान्हा होता.

"पाणसळ म्हटलं मी. ती बुडबुड्याची."

"मग बुडबुडा म्हण ना! उगाच माणसाला परीक्षेला बसवल्यासारखं."

तिने पाणसळ कॉम्प्रेसरच्या टाकीवर आडवी ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. डाव्या पायाखाली पत्र्याचा एक तुकडा सरकवला, तेव्हा तो मधोमध येऊन बसला आणि धाकटीचा जीवही जागेवर आला.

कॉम्प्रेसर कालच टेम्पोतून उतरला होता. लाल आडवी टाकी, तिला चार रबरी पाय, पाठीवर एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला पंप आणि दोघांना जोडणारा काळा पट्टा. याचं काम काय, तर बाहेरची हवा ओढायची आणि टाकीत ठासून भरायची. ती हवा नळीतून रंगाच्या गनमध्ये आली की रंग असा बसतो की हात फिरवताना काच वाटावी. धाकटीने आजवर दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या होत्या. ज्या पेंटशॉपमध्ये ती होती त्याच्या मालकाने म्हातारपणी ते बंद केलं. आता कपाटं, सायकली, लोखंडी फाटकं आपल्या गॅरेजात आणायची आणि आपल्या हिमतीवर रंगवायची, असं तिने मनाशी घेतलं होतं. मागच्या दारात वास बाहेर फेकणारा मोठा पंखा तिने आधीच बसवला होता, आणि त्यापलीकडे मोकळं मैदान होतं.

आणि नाहीच जमलं तर? तर दुसऱ्या शहरातल्या मोटारींच्या कारखान्याने तिला रंगखात्यावर बोलावलं होतं. उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं की दोघांचं बिऱ्हाड तिकडे. बस काय, कुठेही चालवता येते.

"इथे जमलं तर मी इथेच," तिने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. "नाही जमलं तर जाणार. मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. मागाहून रडारड नको." रडारड कोणी केली नाही. सासूबाई फक्त "मीठ दे" म्हणाल्या. मीठ त्यांच्या ताटात होतं, तसंच शिल्लक.

जमणार की नाही हे मात्र कोणी माणूस ठरवणार नव्हता. ते ठरवणार होता एक स्क्रू.

हे ऐकून बाहेरच्याला हसू येईल, पण या घरात त्या स्क्रूपुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं टेबल गॅरेजच्या बरोबर वर, माडीवरच्या खिडकीशी होतं. टेबलाला जरा हादरा बसला की दिवसभराची मेहनत जमिनीवर, आणि मग सगळं घर गुडघ्यांवर. म्हणून घरात नवं मशीन आलं की बाबा बायकांच्या मनगटी घड्याळातला एक स्क्रू, तिळापेक्षाही बारीक, टेबलावरच्या काचेवर चिमट्याने डोक्यावर उभा करायचे आणि डोळ्याला भिंग लावून बसायचे. मशीन चालू करायचं. स्क्रू उभा राहिला तर मशीन राहणार, पडला तर मशीनने आपली सोय बघायची. निकाल ओरडून सांगायचं काम सासूबाईंकडे, खिडकीतून. त्यावर अपील नाही. थोरल्यांची व्यायामाची सायकल अशीच अंगणातल्या पत्र्याखाली गेली आणि तिच्यामागून त्यांचा व्यायामही गेला. नवऱ्याचा तरुणपणीचा ड्रम शेजाऱ्यांना देऊन टाकावा लागला, आणि ते शेजारी अजून बोलत नाहीत.

"झालं का गं बसवून?" थोरले दीर पुन्हा दारात उगवले. ते गाडी चालवायला शिकवायचे. जन्मभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसल्यामुळे बोलतानासुद्धा त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असे. त्यांची स्वतःची गाडी रस्त्यावरच्या झाडाखाली उभी असायची, आणि झाडावरच्या पाखरांना तिच्यापेक्षा चांगली जागा सापडलेली नव्हती. त्यामुळे गॅरेजवर त्यांचा डोळा आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"होत आलं, भाऊजी. गाडी पुसलीत का आज?"

"पुसली. परत पुसायला झाली." त्यांनी सुस्कारा टाकला आणि वाकून टाकीच्या पोटाखाली बघितलं. "आणि ही तोटी कसली?"

"हवेतलं पाणी टाकीत साचतं, ते इथून काढायचं. आणि नवीन मशीन पहिल्यांदा चालवताना ती उघडी ठेवायची. टाकी भरत नाही, मशीन थोडा वेळ बिनओझ्याचं पळतं, पंप सरावतो."

"म्हणजे गाडी न्यूट्रलला ठेवून रेस देतात तसं."

"अगदी तसं."

बाबा केस कापायला गेले होते, तेवढ्यात ती पहिली मोकळी फेरी तिने उरकून घेतली. मशीन एखाद्या शहाण्या बैलासारखं गुमान चाललं. थोरले हाताची घडी घालून बघत राहिले.

"उघडी असली की आवाज बराच कमी आहे की," ते म्हणाले.

"ओझं नाही ना. बंद केल्यावर बघा."

तिने मशीन थांबवलं, तोटी घट्ट बंद केली, वर एक जुनी चादर टाकली आणि हात धुवायला गेली. निकाल दुपारी, बाबांची झोप झाल्यावर. रिवाजच तसा होता.

जेवताना सगळे अति गोड वागत होते. सासूबाईंनी तिला न विचारता वाढलं. थोरली जाऊ, जी नर्स होती आणि रोग्यालाही उगाच गोड बोलत नसे, ती म्हणाली, "धाकटे, तू जरा पड. दमलीस. तासभर तरी खाली जाऊ नकोस."

"ताई, मला झोप नाही येणार."

"झोप नको. पड. हे मी नर्स म्हणून सांगतेय."

धाकटी पडली. पडल्या पडल्या तिला जिन्यावर पावलं ऐकू येत होती. एकाची खाली, मग वर. दुसऱ्याची खाली. मधे काहीतरी फाटल्याचा आवाज, मग कोणी तरी "श्श्" केलं. ती उठून बसली आणि परत आडवी झाली. तिला वाटलं, लोकांना आतापासूनच सामान बांधायची घाई झालेली दिसते. त्या एका विचाराने तिचे डोळे भरून आले, आणि आपले डोळे भरून आले याचा तिला रागही आला. कारखान्याचं निमंत्रण आलं तेव्हा ती खूश झाली होती, नाही असं नाही. पण या घरातली माणसं सोडून जायचं म्हटलं की तिचा पाय निघायचा नाही. भांडकुदळ, चोरटी, एकमेकांच्या तंगड्या ओढणारी माणसं. तरी निघायचा नाही.

बाबा उठले. चहा झाला. वर टेबलापाशी दिवा लागला.

खाली गॅरेजात चौघं: धाकटी, नवरा, थोरले, थोरली. तिने चादर काढली. मशीन सकाळपेक्षा जरा उंच दिसलं, पण निकालाच्या वेळी कुठलंही मशीन मोठंच दिसतं, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

"स्क्रू उभा केलाय!" वरून सासूबाईंचा आवाज. "करा सुरू!"

तिने बटण दाबलं.

आणि काय सांगावं, आवाजच नाही! म्हणजे होता, पण भिंतीपलीकडे कोणी तोंडावर पांघरूण घेऊन घोरावं तेवढाच.

"उभा आहे!" वरून आरोळी आली. थोड्या वेळाने पुन्हा, "उभा आहे हो! ठार उभा आहे!"

नवऱ्याने टाळीच वाजवली. थोरलीने धाकटीला मिठी मारली. थोरल्यांनी, आश्चर्य म्हणजे, भावाच्या पाठीवर थाप मारली. गॅरेज हातचं गेलं तरी माणूस हसत होता.

पण धाकटीचं लक्ष काट्याकडे होतं. टाकीतली हवा दाखवणारा काटा शून्यावर बसला होता, हलायचं नाव नाही. तिने नाक वर केलं. काहीतरी तापल्याचा वास येत होता. तिने झटकन बटण बंद केलं.

"अगं, का बंद केलंस? जिंकलीस तू!" नवरा ओरडला.

"हवा कुठाय? काट्याकडे बघ."

ती खाली वाकली. टाकीच्या पोटाखालची तोटी पुरी उघडी होती, आणि जेवढी म्हणून हवा आत जात होती तेवढी तिथून बाहेर पळत होती.

तिने सावकाश मान वर केली आणि थोरल्यांकडे बघितलं. सकाळी त्या तोटीची चौकशी कोणी केली होती, हे तिलाही आठवत होतं आणि त्यांनाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "गॅरेज हवं होतं तर तोंडावर सांगायचंत. हे असं पाठीमागून?"

"दादा!" नवरा म्हणाला. "तू केलंस हे?"

"केलं," थोरले म्हणाले. त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता. "पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. उघडी असली की आवाज कमी येतो, हे सकाळी मीच बघितलं ना? म्हणून उघडली. स्क्रू पडू नये म्हणून."

"तुम्ही?"

"मग काय करू? तू जाणार. हा तुझ्यामागे जाणार. मग या घरात माझ्याशी भांडायला राहणार कोण?" ते बायकोकडे वळले. "हिच्याशी भांडून उपयोग नाही, ही सरळ इंजेक्शन काढते."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. पण तोटीने आवाज कमी झाला असेल, तापल्याचा वास कसला? तिने मशीनच्या मागे हात घातला. पंप आणि भिंतीच्या मधे, जिथून मशीनच्या पंख्याला हवा लागते तिथे, एक अख्खी दुलई कोंबलेली होती. ती सासूबाईंची होती.

"अगं बाई," थोरली म्हणाली. "म्हणजे त्यांनीसुद्धा?"

"सुद्धा म्हणजे? ताई, तुम्ही काय केलंत?"

थोरलीने पदर सावरला. "मी विशेष काही नाही. पायांखाली जरा स्पंज घातलाय. चांगला आहे हो, दवाखान्यातला. माणसाच्या पाठीला जखम होऊ देत नाही."

म्हणून मशीन उंच दिसत होतं! धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता, जणू तिथे काही लिहिलेलं आहे.

"तू रे?"

"मी कशाला? मी तर तुझ्या बाजूचा माणूस."

तिने हवा आत घेणाऱ्या डबीचं झाकण फिरवून काढलं. आतून निघाला एक मोजा. घडी करून, नीट ठासून बसवलेला.

"आवाज तिथूनच येतो असं बसवाल्या मेकॅनिकने सांगितलं होतं," नवरा पुटपुटला. "धुतलेला आहे."

आता मात्र तिला हसू आवरेना. ती खाली फरशीवरच बसली आणि पोट धरून हसली. या घराची ही जुनी खोड. उघडपणे कोणी कोणाचं कौतुक करणार नाही, मदतीला ये म्हटलं तर "माझं अंग दुखतंय" म्हणतील, पण चोरून असा जीव टाकतील की ज्याला मदत करायची तोच गुदमरून जावा. एकाने नाक बंद केलं, एकीने पाठ झाकली, एकीने पायांखाली गादी घातली, एकाने पोट उघडं टाकलं. बिचारा कॉम्प्रेसर चालणार तरी कसा!

"हसणं झालं असेल तर ऐक," थोरली खाली बसत म्हणाली. तिने आवाज अगदी बारीक केला. "स्क्रू उभा राहिला. सगळ्यांनी ऐकलं. निकालावर अपील नाही, दोन्ही बाजूंनी नाही. आता हे सगळं हळूच काढ, मशीन नीट लाव, आणि उद्या कारखान्याला नाही कळव. संपला विषय."

"बरोबर बोलते ही," थोरले म्हणाले, आणि हे ते लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच म्हणत असावेत.

नवरा तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की त्याला जायचं नाही. कधीच जायचं नव्हतं. तिच्यासाठी तो तयार झाला होता.

धाकटीने मोज्याची घडी उलगडली, परत घातली. मोह झाला तिला. खोटं का सांगा, चांगला दणदणीत झाला. ओठ शिवले की झालं. पण मग उद्या टाकी भरताना वर टेबल हादरणार, बाबा भिंग काढून जिन्याने खाली येणार, आणि आपण त्यांच्या तोंडाकडे बघून काय सांगणार? निकाल तुमच्याच डोळ्यांनी लागलाय म्हणून? रंगकामात एक गोष्ट ती पहिल्या दिवशी शिकली होती. खालचा गंज न काढता वरून रंग मारला की तो सुंदर दिसतो, आणि नंतर पोपडे निघतात.

ती उठली आणि अंगणात जाऊन खिडकीखाली उभी राहिली.

"आई! बाबांना सांगा, हा निकाल धरू नका. परत घ्यायचाय."

खिडकीत सासूबाई दिसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी जोरजोरात गप्प बस, गप्प बस अशी खूण केली. पण त्यांच्या शेजारी बाबांचं डोकं आलं, ताजे कापलेले केस आणि एका डोळ्यात भिंग.

"स्क्रू तर उभा होता," बाबा म्हणाले.

"हो. पण टाकीत हवाच नव्हती, बाबा. मशीन चाललं ते खोटं चाललं."

"कोणी केलं खोटं?"

मागे गॅरेजच्या दारात तीन डोकी एकमेकांमागे लपायला बघत होती. वर सासूबाई अचानक पडद्याची दोरी सोडवण्यात गुंतल्या.

"आम्ही सगळ्यांनी," धाकटी म्हणाली.

बाबांनी भिंग काढलं आणि तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघितलं. "थांब मग," ते म्हणाले. "परत उभा करतो. वेळ लागेल. माझा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही."

हे त्यांनी कधी कोणापुढे कबूल केलं नव्हतं. सासूबाईंनी पडद्याची दोरी सोडली.

खाली तिने सगळं काढलं. स्पंज काढला, दुलई काढून थोरलीच्या हातात दिली, डबीचं झाकण परत लावलं. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, चारही रबरी पाय फरशीवर नीट टेकवले, बुडबुडा पुन्हा मधे आणला. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ना सैल ना ताठ. तोटी बंद केली आणि थोरल्यांना म्हणाली, "तुम्हीच बघा, भाऊजी, बंद आहे ना?" त्यांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. कोणी विनोद केला नाही.

"उभा केलाय," वरून आवाज आला, यावेळी बारीक.

तिने बटण दाबलं. मशीन खडखडून जागं झालं. हा त्याचा खरा आवाज, भरदार, छातीत घुमणारा. काटा शून्यावरून निघाला आणि चढायला लागला. तो चढत होता तशी धाकटीच्या हातांना मुंग्या येत होत्या, कारण मशीन झकास होतं. इतकं चांगलं मशीन तिने पेंटशॉपमध्येही चालवलं नव्हतं.

"उभा आहे!" वरून.

काटा निम्म्यावर आला. पंपाचा आवाज जड झाला.

"उभा आहे!"

काटा आणखी वर. आता गॅरेजच्या खांबाला हात लावला तर हातात गुरगुर लागत होती. वरून काही ऐकू येईना. मग काटा लाल खुणेशी पोचला, मशीन खट्कन आपोआप थांबलं, आणि त्या शांततेत सासूबाईंचा आवाज आला, "उभा आहे!"

लगेच त्यामागे बाबांचा. "खोटं का बोलतेस? पडलाय की तो."

नवरा कोपऱ्यातल्या जुन्या चाकांच्या ढिगावर मटकन बसला. थोरलीने दुलई छातीशी धरली. धाकटी नळी गुंडाळायला लागली, कारण हातांना काही तरी काम हवं होतं. नळी गुंडाळता गुंडाळता ती मनात म्हणत होती, बरं झालं, निदान खरं काय ते कळलं. आणि एक अश्रू नळीवर पडला तो तिने बाहीने पुसून टाकला.

जिन्यावर पावलं वाजली. बाबा खाली आले, मागोमाग सासूबाई, डोळे लाल. बाबांनी मशीनभोवती एक चक्कर मारली. काट्याकडे बघितलं. टाकीवर हात ठेवला, घड्याळाला कान लावण्याआधी ठेवायचे तसा.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "अगदी नेमकं बसवलंयस."

"पण स्क्रू पडला ना, बाबा."

"पडला. म्हणजे काय झालं? माझं टेबल आणि हे मशीन एकाखाली एक राहू शकत नाहीत, एवढंच त्याने सांगितलं. कोणी हलायचं ते तो कुठे सांगतो? ते आजवर मीच सांगत आलो." त्यांनी घसा खाकरला. "पोरी, तुझ्या हातात जिंकलेला निकाल होता. तू तो खिडकीखाली येऊन मला परत केलास. माझ्या टेबलाची एवढी किंमत माझ्या मुलांनीसुद्धा केली नाही. तू कुठेही जायचं नाहीस. टेबल हलेल."

बाबांचं टेबल हलेल हे वाक्य या घरात कोणी कल्पनेतही उच्चारलं नव्हतं. पहिल्या भानावर आल्या त्या सासूबाई.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आनंद कमी आणि धार जास्त होती, "आणि माझं कपडे धुवायचं मशीन गच्चीवर गेलं, तेव्हा नाही हललं ते टेबल? ओल्या कपड्यांच्या बादल्या घेऊन गुडघे झिजवले मी!"

बाबा गडबडले. "तेव्हा... तेव्हा मला सुचलं नाही."

"सुचलं नाही!" सासूबाई थोरलीकडे वळल्या. "ऐकलंस? सुचलं नाही म्हणे!"

"ऐकलं, आई. हे असं सगळ्यांचंच असतं, औषध नाही."

"चुकलंच माझं," बाबा म्हणाले, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. सासूबाई तोंड उघडून होत्या तशाच राहिल्या. भांडण पुढे न्यायला त्यांच्याकडे जागाच उरली नव्हती, आणि हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

"पण टेबल जाणार कुठे?" थोरल्यांनी विचारलं. विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. माडीच्या दुसऱ्या टोकाला एकच खोली होती, मोठ्या खिडकीची, भरपूर उजेडाची. "नाही हं! तिथे माझा पलंग आहे!"

"पलंग भिंतीकडे सरकेल," त्यांच्या बायकोने निकाल देऊन टाकला. "मला कधीपासून तसाच हवा होता."

"म्हणजे गॅरेजही गेलं, खिडकीही गेली! आणि मी काय, पाखरांबरोबर झाडाखाली राहू?"

"दादा, झाडाखाली तुझी गाडी आहेच की. एकटं नाही वाटणार," नवरा म्हणाला, आणि मग तो ढिगावरून उठला तो असा की जणू कोणी त्याला खालून स्प्रिंग लावली. त्याने बायकोचा हात धरला आणि सोडेचना. "उद्या कारखान्याला फोन मी करू?"

"तू नको. तू हो म्हणून बसशील," थोरली म्हणाली. "मी करते. नाही म्हणायची मला सवय आहे."

मग सगळे एकदम वर निघाले, कारण या घरात एखादी गोष्ट ठरली की ती त्याच क्षणी व्हावी लागते, नाही तर कोणी तरी मत बदलतं. टेबलाचे खण काढले. बारीक चाकांच्या आणि काट्यांच्या तबकड्या सासूबाईंनी ओळीने पलंगावर मांडल्या आणि आजूबाजूला कोणी शिंकायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला नवरा. "क्लच हळू सोड, हळू!" थोरले ओरडत होते. "दादा, हे टेबल आहे!" नवरा ओरडत होता. दारात टेबल अडकलं. आडवं केलं, परत अडकलं. थोरली म्हणाली पाय आधी काढा, सासूबाई म्हणाल्या उलटं करा, आणि दोघीही एकाच वेळी बरोबर होत्या असं मागाहून ठरलं.

धाकटी धावत पुढे झाली आणि तिने एक कोपरा उचलायला हात घातला. बाबा शेजारीच उभे होते, हातात भिंग घट्ट धरून, आपलं जन्माचं टेबल दारातून जाताना बघत. त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"तू सोड," ते म्हणाले. "तुझं काम खाली आहे. जा."

ती गेली.